संगणकाच्या स्मृतीशेजारचा छोटा रेग्युलेटर

विजेचा दाब कमी-जास्त होऊ लागला की आपल्याला स्टॅबिलायझर आठवतो. पण २३० व्होल्ट सांभाळणाऱ्या त्या पेटीचे काम संगणकाच्या दारापर्यंतच असते. आत मदरबोर्डवर, मेमरीच्या पट्टीशेजारी, नखाएवढा आणखी एक रेग्युलेटर असतो. जुना संगणक अडकू लागला की ‘रॅम गेली’ म्हणून पट्टी बदलली जाते. कधी कधी दोष या नखाएवढ्या भागात असतो. गरीब विद्यार्थ्याचे पैसे जातात आणि बिघाड तसाच राहतो.

नांदेडला गोदावरीच्या घाटावर पाहावे. लाट दगडी पायरीवर आपटली की उलट फिरते व मागून येणाऱ्या लाटेत मिसळते. वाळूच्या उतारावर मात्र ती जिरते. मेमरीच्या तारांतील संकेतांचेही असेच आहे. डीडीआर-४ मध्ये एकेका तारेवरून सेकंदाला ३२० कोटींपर्यंत संकेत जातात. परतलेली लाट त्यांत मिसळली तर ‘एक’चा ‘शून्य’ वाचला जाण्याची भीती. म्हणून तारेच्या टोकाशी रोधक बसवतात. तो आपला वाळूचा उतार.

रोधकाचे दुसरे टोक मेमरीच्या निम्म्या दाबाला जोडतात. डीडीआरला २.५ व्होल्ट, म्हणून १.२५, डीडीआर-२ ला ०.९, डीडीआर-३ ला ०.७५. मूळ दाब हलला तर निम्माही त्याच प्रमाणात हलावा लागतो. डीडीआरमध्ये फरकाची मुभा फक्त ४० मिलिव्होल्टची!

आम्ही बँकेतले कारकून, तेही कला शाखेचे; आमच्या भाषेत सांगतो. साधा रेग्युलेटर म्हणजे फक्त पैसे देणारी खिडकी. हा मात्र देणे-घेणे दोन्ही करतो. तारांवर ‘शून्य’ जास्त असले तर तो प्रवाह पुरवतो, ‘एक’ जास्त असले तर उलट येणारा प्रवाह पोटात घेतो, आणि गल्ल्यातली शिल्लक हलू देत नाही. घेण्याची ताकद नसलेला रेग्युलेटर येथे चालत नाही.

नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत किंवा लातूरच्या पूरणमल लाहोटी तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी जुन्या डीडीआर-३ बोर्डावर, जाणकार सोबत घेऊन, हा ०.७५ व्होल्ट मल्टिमीटरने मोजून पाहावा. डीडीआर-४ मध्ये ०.६ व्होल्ट उरला तो केवळ पत्ता व आज्ञांच्या तारांसाठी. २०२० साली मानक जाहीर झालेल्या डीडीआर-५ मध्ये त्या तारांचे रोधकही चिपच्या पोटात गेले. तेव्हा नव्या बोर्डावर हा रेग्युलेटर शोधत बसू नये, सापडणार नाही.