सहा महिन्यांनंतर बाळाच्या वाटीत काय?

साखर आणि दूध म्हटले की अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचे नाव हमखास निघते. मात्र घरात दूध मुबलक असले म्हणजे बालकाचे पोषण झाले, हा समज चुकीचा आहे. गाईच्या दुधात प्रथिने व कॅल्शियम भरपूर असले, तरी लोह जवळजवळ नसतेच.

जन्मतः मिळालेला लोहाचा साठा बाळाला साधारण सहा महिने पुरतो. तोवर आईचे दूध हाच पूर्ण आहार. पाणी, मध वा घुटीची आवश्यकता नसते. त्यानंतर स्तनपानाच्या जोडीला घट्टसर पूरक आहार सुरू व्हावा लागतो. नेमकी येथेच गफलत होते. वरणाचे पाणी किंवा चहात बुडवलेले बिस्किट यांनी पोट भरते, पण लोह मिळत नाही. उलट चहातील टॅनिन लोहाच्या शोषणात अडथळा आणते. या वयातील लोहाची कमतरता मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि हे नुकसान पुढे पूर्णपणे भरून निघेलच, असे नाही.

याच जिल्ह्यातील राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने २०१२मध्ये 'धनशक्ती' हे बाजरीचे वाण प्रसारित केले. त्यात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या मुलांना सहा महिने देऊन झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध झाले. लोहाची कमतरता असलेल्या मुलांना त्याचा लाभ झाला. तान्ह्या बाळांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, हेही खरे. बाजरीतील फायटेट लोह अडवून धरते. धान्य भिजवून, मोड आणून दळल्यास ते कमी होते. आजीच्या हातचे नाचणीचे सत्त्व त्यामुळेच गुणकारी! मऊ खिमटात तूप, कुस्करलेली डाळ, शिजवलेले अंडे व लिंबाचे दोन थेंब घातल्यास ऊर्जा, प्रथिने आणि 'क' जीवनसत्त्वही मिळते.

हे ज्ञान घरोघरी कसे न्यावे, याचा धडा जामखेडने घालून दिला. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये तेथे काम सुरू केले आणि गावातील निरक्षर स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडवले.

'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस नवव्या महिन्यात गोवर-रुबेला लशीबरोबर मिळतो, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांसाठी आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहयुक्त सिरप देण्याची सरकारी योजना आहे. त्यासाठी आशा सेविकेकडे चौकशी करावी.