वृद्धांची चिकित्सा आणि वैद्याची पारख

आईचे गुडघे धरले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो हा : 'अस्सल आयुर्वेदिक औषध कुणाकडे मिळेल?' आमच्या घरी तो निघाला तेव्हा परभणीत सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी केरळात जा म्हणाले, कुणी बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या जडीबुटीवाल्याचे नाव सांगितले. त्याच्या पुडीने दोन दिवसांत कळ थांबली आणि आम्ही हरखलो. महिन्याभरात आईचा चेहरा सुजला, रक्तातील साखर चढली. पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असावे, असे डॉक्टर म्हणाले. आणि ते एकाएकी थांबविण्यातही धोका असल्याने त्यांच्याच देखरेखीखाली हळूहळू सोडवावे लागले.

तेव्हा अस्सल कशाला म्हणावे? पिढीजात म्हटले की अस्सल, हा आपला पहिला भ्रम. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. वैद्याच्या अंगी शास्त्राचे स्वच्छ ज्ञान, प्रत्यक्ष कर्माचा पुष्कळ अनुभव, दक्षता व शुचिता हे चार गुण असावेत, असे तो म्हणतो. त्यांत घराण्याचा उल्लेख नाही.

दुसरा भ्रम मुळासकट बरे होण्याचा. भूक, तहान व निद्रा यांच्या पंक्तीला सुश्रुताने जरेला बसविले आहे. ती स्वभावानेच येते. काही विकार तर 'याप्य' म्हणजे औषध व पथ्य चालू असेतो आटोक्यात राहणारे असतात. सत्तरीतल्या गुडघ्याची झीज पुसून टाकण्याची हमी देणारा माणूस शास्त्राच्याही विरुद्ध बोलतो. तेलाने स्नेहन, शेक, बेताचा व्यायाम, आहाराचा विचार आणि वैद्याने योग्य ठरविल्यास बस्ती, यांनी चालणे सुकर झाले तर तेवढे यशही लहान नव्हे.

पारख करावी कशी? महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्यान्वये वैद्यांची नोंदणी होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान नाही. बाटलीवर घटकांची यादी, बनविणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक व तारीख हवी. नोंदणीकृत वैद्याने आपल्याच रोग्यासाठी केलेल्या औषधास निर्मितीचा परवाना लागत नाही. म्हणून पुडीत काय आहे हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्यावे. लिहून देण्यास जो नकार देतो, त्याची पुडी घेऊ नये.

पारा, सोमल यांसारखी द्रव्ये असलेल्या रसौषधींविषयी अधिक सावध असावे. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांशांत शिसे, पारा वा सोमल आढळला. म्हाताऱ्या माणसाचे मूत्रपिंड आधीच मंदावलेले असते. ही औषधे घरच्या घरी देऊ नयेत. रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या चालू गोळ्याही वैद्यांस दाखवाव्यात आणि आपल्या मनाने बंद करू नयेत.

यासाठी केरळ गाठण्याची गरज नाही. पूर्णेवरून रेल्वेने नांदेडास गेल्यास तेथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. आम्ही पुढे आईला तेथेच नेले. तेथील वैद्यांनी प्रथम औषध दिले नाही. भूक, झोप, मलप्रवृत्ती विचारली, आधीचे सर्व कागद वाचले आणि पुडीची हकीकत दोनदा ऐकली. वैद्याची खूण तेथे आम्हांस पटली : तो सांगण्याआधी विचारतो.

राहिला तिसरा पाय, परिचारक. उपचाराची जाण, दक्षता, शुचिता यांबरोबर रोग्याविषयी प्रेम हाही त्याचा गुण चरकाने गणला आहे. आम्ही पुडी आणून दिली आणि कर्तव्य संपले असे मानले. आईच्या पायाला स्वतः तेल लावू लागलो तेव्हा तिला रात्री झोप लागत नाही, हे आम्हांस प्रथम कळले. वैद्य चांगला शोधावा, औषध पारखून घ्यावे. पण हा तिसरा पाय बाजारात मिळत नाही. तो घरातूनच उभा करावा लागतो.