मचाणावरची रात्र : गंध, घाम आणि नाजूक त्वचा

बुद्धपौर्णिमा जवळ आली की गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात मचाणावर रात्र काढण्यासाठी निसर्गप्रेमींची लगबग सुरू होते. मे महिन्यात नाले आटलेले असतात. उरलेल्या पाणवठ्यांवर चितळ, सांबर, नीलगाय येतात आणि चांदण्यात दिसतात. मचाणावर जाणाऱ्यांना सूचना सहसा ठरलेल्या असतात : भडक कपडे नकोत, आवाज नको, अत्तर नको. पण अत्तर टाळून काहींचे समाधान होत नाही. अंगाला कसलाच वास राहू नये म्हणून ते जंतुनाशक साबणाने किंवा खाण्याच्या सोड्याने अंग खसाखसा घासतात. ज्यांची त्वचा मुळातच नाजूक आहे, ज्यांना इसब किंवा अॅलर्जीचा त्रास आहे, त्यांना हा उपाय महागात पडतो. शिवाय त्याचा उपयोगही फारसा होत नाही.

ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. काखेतील आणि जांघेतील विशिष्ट ग्रंथींचा स्राव त्वचेवरचे जिवाणू फोडतात, तेव्हा उडून जाणारी आम्ले तयार होतात. तोच आपल्या शरीराचा गंध. याखेरीज दर मिनिटाला त्वचेच्या हजारो मृत पेशी गळत असतात आणि प्रत्येक श्वासाबरोबरही गंध बाहेर पडतो. म्हणजे आंघोळीने गंध कमी होतो, पण थांबत नाही. ४४ अंशांच्या उन्हात मचाणापर्यंत पोहोचेस्तोवर तो पुन्हा तयार झालेला असतो.

समोरचे नाकही साधे नाही. माणसात गंध ओळखणाऱ्या ग्राहींची सुमारे ४०० कार्यक्षम जनुके आहेत; हरणांच्या नात्यातल्या गाईत ती हजाराच्या पुढे जातात. चितळाला माणसाची चाहूल लागली की ते पुढचा पाय आपटते, शेपटी उभारते, इशाऱ्याचा आवाज देते आणि सगळा कळप पांगतो. अमेरिकेत शिकारी गंध शोषणारे कार्बनयुक्त कपडे विकत घेतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे कपडे घातलेल्या माणसांनाही शोधक कुत्र्यांनी हुडकून काढले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे. पण नुसते पाहायला बसणाऱ्यालाही हा धडा लागू पडतो : गंध लपवता येत नाही, तो कुठे जातो एवढेच पाहता येते.

वारा महत्त्वाचा

वारा प्राण्याच्या दिशेकडून आपल्याकडे येत असेल, तर आपला गंध मागे जातो. चिमूटभर बारीक माती बोटांतून सोडली की वाऱ्याची दिशा कळते. दिवसा तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि उंचावर बसणाऱ्याला त्याचा फायदा मिळतो. रात्री आकाश निरभ्र असेल तर जमीन निवते, थंड हवा जड होऊन उताराने खाली सरकते आणि पाणवठे बहुधा सखल जागीच असतात. त्यामुळे वारा पडलेल्या रात्री मचाणावरचा गंध हळूहळू पाण्याकडे उतरू शकतो. अशा वेळी अंतर राखणे आणि कमीत कमी हालचाल करणे हाच उपाय उरतो.

त्वचेला काय चालते?

निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते; तिचा सामू साधारण ५ च्या आसपास असतो. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो, सोड्याचे पाणीही अल्कधर्मीच. वारंवार घासल्याने त्वचेवरचे स्निग्ध आवरण जाते, बारीक भेगा पडतात, आग होते. म्हणून साध्या पाण्याने आंघोळ करावी आणि सौम्य, सुगंधविरहित साबण फक्त काख, जांघ व पावलांना लावावा. उत्पादनावर ‘वास नाही’ एवढेच लिहिलेले असेल, तर मूळ वास झाकणारा सुगंध त्यात असू शकतो. घटकांची यादी वाचून सुगंधी द्रव्य मुळीच नाही याची खात्री करावी. संपर्काने होणाऱ्या अॅलर्जीच्या प्रमुख कारणांत सुगंधी द्रव्ये मोडतात. ‘नैसर्गिक’ तेलेही त्याला अपवाद नाहीत : निलगिरी किंवा गवती चहाच्या तेलाने पुरळ येऊ शकते आणि त्यांचा वासही दूरवर जातो.

कपडे सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे असावेत. ते दोनदा साध्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावेत आणि डांबराच्या गोळ्यांच्या पेटीत ठेवू नयेत. घामोळ्या असतील तर जाड, तेलकट मलम टाळावे.

डासांचे मलम सोडू नका

वासाच्या भीतीने डास पळवणारे मलमच न लावणे ही सर्वांत धोक्याची चूक. गोंदियाच्या जंगलपट्ट्यात मलेरिया आहे. प्राणी दिसला नाही तर पुढच्या वर्षी दिसेल, पण मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया जीव घेऊ शकतो. पिकारिडिन हा घटक असलेल्या मलमाला वास अगदी कमी असतो. कोणतेही नवे मलम आधी आठवडाभर, दिवसातून दोनदा, हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून पाहावे. खाज किंवा लाली आली नाही, तरच ते वापरावे. फाटलेल्या किंवा चिघळलेल्या त्वचेवर ते लावू नये. तिथे कपड्याचे आवरणच बरे. जंगलातून परतल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, तर लगेच रक्त तपासून घ्यावे आणि जंगलात राहिल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

उन्हाळ्यात एका पाणवठ्यावरून बिचकलेल्या कळपाला दुसरे पाणी कोसभर दूर असू शकते. म्हणून वाऱ्याची दिशा पाहून बसणे हा पाहणाऱ्याचा फायदा आहे, त्याहून जास्त तो तहानलेल्या प्राण्याचा हक्क आहे.