जीपीएसला रिचार्ज लागत नाही!

आपण कुठे उभे आहोत हे खिशातला मोबाइल सांगतो, याचे आता कुणाला नवल राहिलेले नाही. कांद्याची गाडी लांबच्या मार्केटला न्यायची असो की लग्नाचे गाव शोधायचे असो, पोरं लगेच नकाशा उघडतात. पण एक गैरसमज अजून गावोगाव आहे. 'पॅक संपला, आता जीपीएस चालायचा नाही' असे म्हणून माणसे फोन खिशात टाकतात, आणि तेही घाटात, रानात, म्हणजे नेमक्या गरजेच्या जागी. खरी गोष्ट अशी, की जीपीएसला पैसा लागत नाही आणि रेंजही लागत नाही.

आकाशातून फुकट

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह यंत्रणा. सुमारे २० हजार २०० किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह आपली वेळ आणि जागा रात्रंदिवस सांगत असतात. तुमच्या फोनमधली चिप निदान चार उपग्रहांचे संदेश पकडते, ते यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढते आणि तुमची जागा ठरवते. फोन नुसता ऐकतो, उपग्रहाकडे काहीच पाठवत नाही. रेडिओवर बाजारभाव ऐकला म्हणून कुणी बिल पाठवते का? तसेच हे. नव्या फोनांत रशिया, युरोप, चीनचे उपग्रहही चालतात, आणि काही फोनांत आपल्या इस्रोचे 'नाविक'सुद्धा. त्यांनाही शुल्क नाही.

मग पैसे कशाचे? ते होते नकाशाचे. पूर्वी रस्ता दाखवण्याची सोय कंपन्या वेगळे पैसे घेऊन देत. जानेवारी २०१० मध्ये नोकियाने आपल्या स्मार्टफोनवर ती मोफत केली. आज गूगल मॅप्सचा नकाशाही फुकटच आहे. फक्त तो फोनमध्ये उतरवायला नेट लागते, आणि ते काम आधी करून ठेवता येते.

आधी करा ही तयारी

तालुक्याला किंवा कुणाच्या घरी वायफाय मिळेल तेव्हा गूगल मॅप्स उघडा. वर कोपऱ्यातल्या आपल्या गोल चित्रावर बोट ठेवा, 'ऑफलाइन नकाशे' निवडा, आपला जिल्हा आणि जायचा भाग चौकटीत घ्या आणि उतरवून ठेवा. मग नेट नसले तरी गाडीचा रस्ता दिसतो. पायवाटा हव्या असतील तर 'ऑरगॅनिक मॅप्स' हे मोफत ॲप बरे.

खात्री करायची? फोन फ्लाइट मोडवर टाका, लोकेशन चालू ठेवा आणि मोकळ्या रानात नकाशा उघडून चालत राहा. निळा ठिपका तुमच्याबरोबर सरकतो. नेट नसताना जागा सापडायला कधी चार-दोन मिनिटे लागतात, तेवढी कळ काढा. पत्र्याखाली किंवा दाट झाडीत ठिपका भरकटतो.

वस्तीला पत्ता नाही, आकडा आहे

आता महत्त्वाचे. मळ्यातल्या वस्तीला ना घर नंबर, ना गल्ली. रात्री साप चावला, बाईला कळा सुरू झाल्या, १०८ ला फोन लावला, की 'ओढ्याच्या पलीकडं, चिंचेपासून डावीकडं' यातच वेळ जातो. म्हणून आजच आपल्या दारात उभे राहा, नकाशावर त्या जागी बोट दाबून धरा. दोन आकडे येतील. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. आपल्या महाराष्ट्रात पहिला साधारण १५ ते २२ मधला आणि दुसरा ७२ ते ८१ मधला असतो; कोल्हापूर शहराचा १६.७० आणि ७४.२४ च्या आसपास. टिंबानंतरचे चार आकडे घेतले, तर जागा सुमारे ११ मीटरपर्यंत नेमकी कळते. हे आकडे दाराच्या आत खडूने नव्हे, रंगाने लिहून ठेवा. घरात पोर एकटे असले, तरी ते फोनवर वाचून दाखवेल. साध्या एसएमएसनेही ते पाठवता येतात, त्याला नेट पॅक लागत नाही. मात्र फोन किंवा एसएमएस करायला रेंज लागतेच, हे ध्यानात असू द्या.

इथे भरवसा नको

मोकळ्या आभाळाखालीही फोन साधारण पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे दहा मीटरची बाजू. तेव्हा पिकाखालचे क्षेत्र अंदाजाने काढायला फोन ठीक, पण बांधाचा वाद त्याने मिटणार नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणीच हवी. उतरवलेला नकाशा पुरात बुडालेला पूल दाखवत नाही, नवी पाणंदही त्याला ठाऊक नसते. पावसाळ्यात ठिपक्याचे ऐकण्याआधी वाटेतल्या माणसाला विचारा. दुसरे म्हणजे, जीपीएस सतत चालू असला की बॅटरी लवकर उतरते, गाडीत चार्जर ठेवा.

तेव्हा कुणी 'जीपीएसचा वेगळा रिचार्ज मारा' म्हणाला, तर एक रुपयाही देऊ नका. नकाशा आज उतरवा आणि वस्तीचे दोन आकडे आजच दारावर लिहा.