राखीव खुर्ची

दुकानातील टेबलाच्या काचेखाली वर्षभरात किती कागद सरकवले जातात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. भावपत्रके, वाहतूकदारांची कार्डे, चातुर्मासप्रवेशाची पत्रिका, भाचीच्या लग्नाची पत्रिका. गेल्या माघात मी ती काच पुसण्यासाठी उचलली, तेव्हा खाली शास्त्रीय गायनाच्या बैठकींची चार निमंत्रणे सापडली. चारही बैठकी गावातल्याच होत्या. चारही निमंत्रणांच्या मागील बाजूस, साहाय्यकर्त्यांच्या यादीत, आमच्या पेढीचे नाव छापलेले होते. आणि चारांपैकी एकाही बैठकीस मी गेलो नव्हतो.

सांगलीच्या हळद आणि बेदाण्याच्या बाजारात हे काही जगावेगळे नाही. आपल्या समाजाला देण्याची सवय आहे, आणि ती चांगलीच आहे. मंडळाचे कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन आले, तर त्यांना आपण रिकाम्या हाती परत पाठवत नाही. परंतु पावती फाडली की आपले काम संपले, असे आपण धरून चालतो. मग बैठकीच्या संध्याकाळी काय घडते? पहिल्या रांगेत सोफे मांडलेले असतात, त्यांवर ‘राखीव’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते, आणि ते सोफे शेवटपर्यंत रिकामे राहतात. गाणे शिकणारी मुले, निवृत्त शिक्षक, बँकेतला एखादा कारकून हे सगळे मागे सतरंजीवर दाटीवाटीने बसतात. मंचावर बसलेल्या कलावंताने डोळे उघडले की प्रथम त्याला दिसते ती आपली अनुपस्थिती.

हे मला कुणा समीक्षकाने सांगितले नाही. गावातील एक तबलाशिक्षक अधूनमधून दुकानी येतात. त्यांना मी सहज विचारले, “मागची बैठक कशी झाली?” ते म्हणाले, “चांगली झाली, शेठजी. पण पुढं रिकाम्या खुर्च्या दिसल्या की हात आखडतो बघा.” त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते वाक्य अधिक लागले.

हा विषय आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. मिरज हे सांगलीपासून दहा-बारा किलोमीटरवर. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले ते मिरजेत, आणि तेच पलुस्कर पुढे १९०१ मध्ये लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय स्थापन करते झाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आणून दफन करण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ तेथे उरुसाच्या वेळी आजही संगीतसभा भरते. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल. तिकडे कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब होते. अवघ्या पन्नास-साठ किलोमीटरच्या परिघात एवढे संगीत नांदले, ते केवळ हवापाण्याच्या गुणाने नव्हे. कोणीतरी बसून ऐकत होते, म्हणून ते नांदले.

संस्थानिकांनी आश्रय दिला, असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर तनखा आणि बिदागी येते. पण आश्रयदाता हाच पहिला श्रोता असे, हे आपण विसरतो. तो स्वतः लोडाला टेकून बसे, दाद देई, आवडले नाही तर तेही सांगे. १९४८-४९ मध्ये ही संस्थाने विलीन झाली. त्यानंतर ती जागा कोणाकडे आली? बहुतांशी आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांकडे. आपण बिदागीचा भाग उचलला आणि ऐकण्याचा भाग तसाच सोडून दिला. अर्धाच माल उचलला, असे म्हणावे लागेल.

याचा परिणाम किती खोल जातो, हे पाहायचे असेल तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक दुपार घालवावी. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांतील कारागीर एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवू लागले, आणि त्यांचे वंशज आजही हेच काम करतात. मंगळवेढा-पंढरपूर भागातून मोठाले भोपळे येतात, ते वाळवून, कापून, तुणाच्या लाकडाशी जोडले जातात. सर्वांत शेवटी जवारी लावली जाते. घोडीचा पृष्ठभाग अगदी किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. यासाठी माप नाही, यंत्र नाही, सारे कानावर. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपण सर्वांनी मोबाइलवर अभिनंदनाचे संदेश फिरवले. मानांकन म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. सांगलीच्या हळदीलाही ते मिळालेले आहे. पण मानांकनाने गिऱ्हाईक येत नाही, हेही व्यापाऱ्यालाच ठाऊक असते. तंबोरा कोण घेतो? जो शिकतो तो. शिकतो कोण? ज्याने लहानपणी कुणाला समोर बसून गाताना ऐकले तो. आणि साथीला आता मोबाइलमधला तंबोरा आहेच. श्रोता पहिल्या पायरीवर गळाला की शेवटच्या पायरीवरच्या भोपळ्याच्या शेतकऱ्यापर्यंत त्याची झळ पोहोचते. बाजाराची ही साखळी आपल्याइतकी कोणाला कळणार?

आता सबबींकडे वळू. या सर्व मी स्वतः वापरलेल्या आहेत, म्हणून अधिकाराने लिहितो.

पहिली अर्थातच दुकानाची. सौदे, आवक, उधारी, विवरणपत्राची तारीख. परंतु क्रिकेटचा अंतिम सामना असतो त्या दिवशी शटर केव्हा खाली येते, हे आपल्या नोकरांना विचारावे. 

दुसरी सबब अशी, की आम्हाला त्यातले कळत नाही. ही अधिक प्रामाणिक आहे आणि म्हणून तिला उत्तरही प्रामाणिक द्यायला हवे. वडिलांनी मला पहिल्यांदा सौद्याला नेले तेव्हा मला हळदीतले काही कळत नव्हते. एखादा जाणता व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाही, नाकाशी नेई आणि भाव बोले. मी नुसता पाहत उभा असे. असे दोन हंगाम गेले, मग बोटांनाच कळू लागले. गाण्याचेही तसेच आहे. कानाला वेळ द्यावा लागतो, आणि तो घरी बसून मिळत नाही. शिवाय आपण समजतो तितके अनभिज्ञ नसतो. पूजेत, भावनेत, स्तवनांत भैरवी आणि मालकंस आपल्या कानांवरून आयुष्यभर गेलेले असतात. फक्त त्यांची नावे कोणी सांगितलेली नसतात. श्वेतांबर परंपरेत तर भगवंतांची देशना मालकोश रागात होत असे, असे मानतात.

तिसरी सबब चौविहाराची. ‘आमचे रात्री काही चालत नाही’ असे सांगून आपण सुटका करून घेतो. खरे पाहता बैठकीसाठी आपल्याइतके मोकळे कोणीच नसते! सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपलेले, स्वयंपाकघर आवरलेले. इतरांच्या घरी त्याच वेळी कुकरची शिट्टी होत असते. मध्यंतरातला चहा-वडा टाळायचा, एवढेच. जे श्रावक-श्राविका नित्य सायंकाळी प्रतिक्रमण करतात, त्यांची गोष्ट निराळी. तो नियम आहे, सबब नव्हे. पण त्यांनाही उत्तरार्ध मिळू शकतो, आणि गाणे बहुधा उत्तरार्धातच रंगते.

भाषणांचा कंटाळा येतो, ही तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. सहाचा कार्यक्रम सातला सुरू होतो, कारण मधला तास दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ आणि मनोगते यांत जातो. परंतु ती शाल कोणाच्या खांद्यावर असते? आपल्याच. आपण सत्कार नाकारला तर अर्धा तास तेथेच वाचेल.

सर्वांत गंभीर आक्षेप धर्माच्या बाजूने येतो. आपण वीतरागाचे उपासक, मग रागात रमावे कसे? संगीत हा श्रोत्रेंद्रियाचा विषय आहे आणि आसक्ती कर्मबंधाचे कारण आहे, हे खोटे नाही. कोणी खरोखर त्या वाटेने चालत असेल, तर त्यापुढे मी हात जोडतो. पण हा आक्षेप घेणाऱ्यांच्याच घरी लग्नाच्या वरातीत छाती हादरवणारा डीजे वाजलेला मी ऐकला आहे. आणि आपली परंपरा या विषयाकडे इतक्या सरळ रेषेत पाहत नाही. आदिपुराणात भगवान ऋषभदेव आपल्या पुत्रांना निरनिराळी शास्त्रे शिकवतात. वृषभसेनाच्या वाट्यास गंधर्वशास्त्र, म्हणजे संगीत येते. पुढे नीलांजनेचे नृत्य चालू असताना, नर्तनाच्या मध्यातच तिचे आयुष्य संपलेले पाहून भगवंतांना वैराग्य उपजले. ते उपजले भरलेल्या सभेत, समोर बसून पाहताना. सुमारे तेराव्या शतकात पार्श्वदेव या दिगंबर आचार्यांनी ‘संगीतसमयसार’ लिहिला. १३५० मध्ये सुधाकलश या श्वेतांबर मुनींनी ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ पूर्ण केला. दोन्ही आम्नायांच्या त्यागी पुरुषांना जो विषय ग्रंथ लिहिण्याजोगा वाटला, तो आपल्याला दोन तास ऐकण्याजोगा का वाटू नये?

आणि ‘वसुदेवहिंडी’तील चारुदत्त श्रेष्ठी! संघदासगणींची ही प्राकृत कथा आपल्या मुलांना अवश्य सांगावी. वसुदेव चंपानगरीत येतो तो जिकडेतिकडे तरुणांच्या हाती वीणा पाहतो. कारण विचारता कळते, की चारुदत्त या व्यापाऱ्याच्या घरी असलेली गंधर्वदत्ता संगीतात निपुण आहे, आणि जो तिला संगीतात जिंकेल त्यालाच ती वरणार आहे. परीक्षेची सभा भरते ती या व्यापाऱ्याच्याच घरी. वसुदेवापुढे वीणा ठेवल्या जातात आणि तो एकेक परत करतो: एकीच्या तारेत केस अडकलेला, एकीचे लाकूड वणव्यात होरपळलेले, एकीचे पाण्यात भिजलेले. हे वाचताना मला दर वेळी सतारमेकर गल्ली आठवते. आणि दुसरी गोष्ट जाणवते ती अशी, की चारुदत्त केवळ साहाय्यकर्त्यांच्या यादीत नाही. तो सभेत हजर आहे.

माघातील त्या शोधानंतर पुढच्या बैठकीला मी गेलो. उशिराच गेलो, हे कबूल करतो. एक गाडी उतरायची राहिली होती. चपला काढून आत शिरलो तेव्हा पंचविशीची एक मुलगी पूरिया धनाश्री गात होती. (नाव मी शेजारच्या गृहस्थांना विचारून घेतले.) गळा थोडा घाबरलेला होता. माझी राखीव जागा पुढेच होती, आणि भर विलंबितात सभागृह ओलांडून पुढे जाऊन बसण्याचा मला संकोच वाटला. शेवटी वाकून, भिंतीकडेने गेलो आणि बसलो. तबल्यावर तेच शिक्षक होते. त्यांनी मान किंचित हलवली, एवढेच. पहिली वीस मिनिटे माझे मन गाडीच्या भाड्यात होते. नंतर एका ठिकाणी ती मुलगी तार षड्जावर आली आणि थांबली, आणि मागून सतरंजीवरून कोणीतरी “वा” म्हणाले. मला त्या क्षणी काय झाले, हे नीट सांगता येणार नाही. भाडे मात्र विसरलो. पुढचा तराणा तिने अगदी मोकळा गायला.

आता महिन्याकाठी एका संध्याकाळी साडेपाचला आम्ही पेढी बंद करतो. सौभाग्यवती येतात, सून कधी येते, कधी नाही. नातू पहिल्या द्रुत चिजेपर्यंत टिकतो आणि मग मांडीवर झोपतो. त्याला उठवत नाही. गावात नव्याने शिकणाऱ्या मुलांच्या मासिक सभांनाही जातो. तेथे बेसूर पुष्कळ ऐकावे लागते, हे सांगून ठेवतो.

आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक विनंती करून ठेवली आहे. सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत मी आलो नाही, तर माझ्या खुर्चीवरची चिठ्ठी काढावी आणि मागच्या कोणालाही पुढे बोलवावे. गेल्या वर्षात असे दोनदा झाले. एकदा तेथे संगीतविद्यालयातील एक विद्यार्थिनी बसली होती, मांडीवर वही घेऊन. मी मागे, खांबाजवळ सतरंजीवर बसलो. तेथून मंच नीट दिसत नाही, पण ऐकू चांगले येते.