अमेरिकन फुटबॉल, शालेय : सीमा व दंड

अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत माध्यमिक शाळांचे सामने राज्य उच्च विद्यालय संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाच्या (स्थापना १९२०) नियमांनुसार होतात. असोसिएशन फुटबॉलमध्ये चेंडू संपूर्ण रेषेपार गेल्यावरच बाहेर ठरतो. येथे मात्र सीमारेषाच क्षेत्राबाहेरची मानल्याने चेंडूधारकाचा पाय तिला लागताच चेंडू मृत होतो. नियमभंगाचा दंड यार्डांत मोजतात. तो स्वीकारणे वा नाकारणे हा बहुधा प्रतिपक्षाचा अधिकार असतो. उदा., ४० यार्ड रेषेवरून मारलेली आरंभीची किक प्रतिपक्षाचा स्पर्श न होता पार्श्वरेषेबाहेर गेल्यास त्याला ५ यार्डांचा दंड लावून ती पुन्हा मारावयास लावता येते किंवा मूळ जागेपासून २५ यार्डांवर चेंडूचा ताबा घेता येतो. नियमभंगातून दोषी संघास लाभ होऊ नये, हे या निवडीमागील तत्त्व होय.