हॉकीपटूचा पगार कोण देतो?

हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ आहे, असे भारत सरकारने कधीही जाहीर केलेले नाही. तरीही सामान्यज्ञानाच्या पुस्तिकांत, शाळांच्या भिंतींवर आणि क्रीडादिनाच्या भाषणांत हे विधान बिनदिक्कत वावरते. 2012 मध्ये लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात विचारणा केली, तेव्हा तसा कोणताही निर्णय नसल्याचे केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने कळवले. 2020 मध्ये धुळ्याच्या एका शिक्षकाने पुन्हा विचारले आणि उत्तर पुन्हा तेच आले: कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित नाही. आता आणखी किती लेखी उत्तरे हवीत, हे पुस्तिका छापणाऱ्यांनीच सांगावे.

समज रुजला त्याला कारणे आहेत. 1928 ते 1956 या काळात भारताने ऑलिंपिकमध्ये सलग सहा सुवर्णपदके जिंकली. त्यात हॉकीपटू ध्यानचंद यांचा जन्मदिवस, 29 ऑगस्ट, राष्ट्रीय क्रीडादिन ठरला. दिवस राष्ट्रीय, मग खेळही राष्ट्रीयच, असा हिशेब लोकांनी परस्पर मांडला.

परीक्षेत एक गुण गेल्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते या समजाला चिकटून येणाऱ्या दुसऱ्या समजामुळे: राष्ट्रीय खेळ आहे, म्हणजे खेळाडूला सरकार आयुष्यभर सांभाळणार. हिंगोली असो वा पुणे, मुलाच्या हाती स्टिक देणाऱ्या पालकांनी हा भ्रम आधी सोडावा. राष्ट्रीय संघाच्या शिबिरांचा आणि दौऱ्यांचा खर्च होतो, निवडक खेळाडूंना भत्ताही मिळतो. पण संघातून नाव वगळले की ते संपते. भारतीय हॉकीपटूचे घर चालत आले आहे ते रेल्वे, सैन्यदल, पोलीस, पेट्रोलियम कंपन्या आणि विमान कंपन्यांतल्या नोकरीवर.

खडकीचे धनराज पिल्ले हे याचे ठळक उदाहरण. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करत. धनराज आणि त्यांचे भाऊ मोडक्या स्टिका दोरीने बांधून खेळायला शिकले. पुढे ते चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळले. नोकरी मात्र आधी महिंद्र अँड महिंद्रमध्ये आणि मग इंडियन एअरलाइन्समध्ये केली, शिवाय फ्रान्स, जर्मनी, मलेशिया, बांगलादेश इथल्या क्लबांकडून खेळले. 1998 मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे ते कर्णधार होते. त्यानंतर लगेच त्यांच्यासह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळण्यात आले. सुवर्णपदकानेही पुढच्या मालिकेतली जागा पक्की होत नाही, तिथे आयुष्यभराची हमी कुठून येणार?

लीगचा पैसा खरा आहे, पण सलग नाही. प्रीमियर हॉकी लीग 2005 ते 2008 एवढीच टिकली. हॉकी इंडिया लीग 2013 मध्ये सुरू झाली, 2017 नंतर थांबली आणि डिसेंबर 2024 मध्ये परतली. परतलेल्या लीगसाठी झालेल्या खेळाडूंच्या लिलावात भारतीय संघाच्या हरमनप्रीत सिंगला 78 लाख रुपये मिळाले. सगळ्यांना वर्तमानपत्रातला तोच आकडा आठवतो; सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत 2 लाख होती, हे क्वचितच कुणी सांगते.

बर्फावरची हॉकी म्हणजे हाच खेळ स्केट घालून, हा आणखी एक समज. तिथे अकराऐवजी सहा खेळाडू असतात, चेंडूऐवजी रबराची चकती असते आणि अंगाने धडक देणे पुरुषांच्या सामन्यात नियमात बसते. उत्तर अमेरिकेच्या एनएचएलमध्ये 2024-25 च्या हंगामात किमान वेतन 7,75,000 डॉलर होते. भारतात या खेळाचे बहुतेक खेळाडू लडाख, स्पीती, लष्कर आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दलातून (आयटीबीपी) येतात; व्यावसायिक लीगचा पगार त्यांच्या वाट्याला नाही. 2025 मध्ये आशिया चषकात कांस्यपदक जिंकणारा महिला संघही त्याच मातीतला.

किरकोळ समज दोन. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक असते: मैदानी हॉकीत नसते. मातीच्या मैदानावर सराव पुरेसा: 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून वरच्या पातळीवरचा खेळ कृत्रिम टर्फवर गेला आहे.

पुन्हा नोकरीच्या मुद्द्याकडे: महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण तेही कोणत्याही प्रमाणपत्रावर मिळत नाही. स्पर्धा कोणती, पातळी कोणती आणि पदाचा गट कोणता, हे शासन निर्णयात ठरलेले असते आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून करून घ्यावी लागते. मुलाला स्पर्धेला पाठवण्याआधी ती स्पर्धा त्या निर्णयात बसते का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे.